सर्च बॉक्स आणि नव्वद मिनिटे: एका फ्रंटएंड मुलाखतीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील उमेदवार सांगलीत वाढलेली, जिल्ह्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून संगणकशाखेची पदवी घेतलेली आणि सांगलीच्याच विश्रामबाग भागातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षे काम केलेली तरुणी आहे. तिच्या संमतीने हे लिहीत असलो, तरी तिची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. ज्या मोठ्या कंपनीत तिने फ्रंटएंडच्या, म्हणजे वापरणाऱ्याला पडद्यावर दिसणारा भाग लिहिण्याच्या, जागेसाठी मुलाखत दिली तिचे नाव दिलेले नाही, आणि तेथील प्रश्नही जसेच्या तसे न देता त्याच धाटणीचे दिले आहेत. माझा संबंध एवढाच, की मी याच क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो, राहायला सांगलीत आहे आणि ओळखीतल्या मुलामुलींच्या सराव-मुलाखती घेतो.

सांगलीच्या वालचंदसारख्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मोठ्या कंपन्या स्वतःहून येतात. जिथे त्या फिरकत नाहीत, तिथल्या मुलांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो: पदवी हातात पडली की पुणे गाठायचे, एखादा कोर्स करायचा, मिळेल ती पहिली नोकरी धरायची आणि दोन-तीन वर्षांनी बदलायची. या उमेदवाराला घरच्या कारणांमुळे तेव्हा सांगली सोडता आली नाही, म्हणून तिने गावातलीच नोकरी धरली.

ती कंपनी मार्केट यार्डातील अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करते. शेतकऱ्याची नोंद, मालाची आवक, सौद्यात निघालेला दर आणि हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशोबपट्टी, एवढाच त्याचा आवाका. पण हळदीच्या आणि बेदाण्याच्या हंगामात दुकानातल्या दिवाणजींना मान वर करायला फुरसत नसते, आणि तेव्हा पडद्यावरचा एखादा घटक अर्धा सेकंद अडला तरी कंपनीला फोन येतो. उमेदवाराने हे पडदे आधी जेक्वेरी या जुन्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, सांभाळले आणि पुढे बरेचसे स्वतःच त्याहून नव्या रिअ‍ॅक्टमध्ये आणले. तिथे डिझायनर नव्हता, टेस्टर नव्हता, आणि तिच्या कोडवर दुसऱ्या कोणाची नजरही जात नव्हती.

या सगळ्यात एक घटक पुढे महत्त्वाचा ठरला, तो म्हणजे शेतकरी शोधण्याचा सर्च बॉक्स. ‘कव’ टाइप केले की कवठे एकंद आणि कवठे महांकाळ ही दोन्ही गावे आली पाहिजेत. त्यातल्या दुसऱ्या गावाचे नाव काही दिवाणजी तोडून लिहितात, काही जोडून लिहितात, आणि शोधणाऱ्याला दोन्ही नोंदी हव्या असतात. दिसायला साध्या अशा या घटकावर तिने चार वर्षांत पुन्हा पुन्हा काम केले होते. परंतु ते काम सांगण्यासारखे आहे असे तिला वाटत नव्हते, आणि तिच्या बायोडेटात त्याचा उल्लेखही नव्हता.

अडचण

आदल्या वर्षी तिने याच मोठ्या कंपनीत अर्ज केला होता. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेच्या प्राथमिक प्रश्नांची फेरी पार पडली आणि ती दुसऱ्या, म्हणजे ‘मशीन कोडिंग’च्या फेरीत अडली. या फेरीत ठरावीक वेळात, बहुधा नव्वद मिनिटांत, एखादा चालता घटक लिहून दाखवायचा असतो. तिला फोल्डरमध्ये फोल्डर उघडत जाणारी यादी करायची होती. पहिला अर्धा तास फाइलींची मांडणी, रंग आणि अंतरे यांत गेला. नवे फोल्डर जोडण्याचा भाग अपुरा राहिला आणि वेळ संपली. नंतर दोन ओळींचा नकार आला, ज्यात कारण दिलेले नव्हते. मोठ्या कंपन्या बहुधा कारण देत नाहीत, आणि मग उमेदवार आपल्या मनाने कारण शोधतो.

तिने शोधलेले कारण असे, की आपले डीएसए, म्हणजे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम (माहितीची मांडणी आणि प्रश्न सोडवण्याच्या रीती), कच्चे आहे. पुढचे काही महिने ती रोज रात्री अ‍ॅरे, ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे प्रश्न सोडवत राहिली. ती माझ्याकडे आली तेव्हा सोडवलेल्या प्रश्नांची यादी लांबलचक होती. मी तिला डिबाउन्स, म्हणजे टाइप करणे क्षणभर थांबल्यावरच काम सुरू करणारे फंक्शन, लिहायला सांगितले. तिने ते पाठ असल्यासारखे झरझर लिहिले. “टायमरचा आयडी कुठे राहतो? फंक्शन तर केव्हाच संपलं, मग तो पुढच्या वेळी सापडतो कसा?” असे विचारल्यावर ती थांबली. क्लोजर, म्हणजे फंक्शनने आपल्या भोवतालच्या चलांची आठवण धरून ठेवणे, हा शब्द तिला ठाऊक होता, त्याची व्याख्याही येत होती. परंतु समोरच्या चार ओळींत तो कुठे आहे हे तिला दाखवता येईना.

खरी अडचण इथे होती. नकार मशीन कोडिंगच्या फेरीत मिळाला होता, जिथे ग्राफचा काही संबंध नव्हता, आणि तयारी मात्र ग्राफची चालली होती. त्यातच आपल्या एका माजी वर्गमैत्रिणीच्या शिफारशीमुळे तिला त्याच कंपनीकडून पुन्हा बोलावणे येण्याची शक्यता निर्माण झाली होती. अशा कंपन्या नकारानंतर काही महिने ते वर्षभर पुन्हा अर्ज घेत नाहीत, त्यामुळे ही संधी हातची गेली तर पुढचे वर्षही जाणार, हे उघड होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय घरच्यांचा होता: नोकरी सोडून पुण्यात चार-सहा महिन्यांचा पूर्णवेळ कोर्स करणे. त्याची फी परवडणारी होती, पण अशा कोर्समध्ये शिकवले जाते ते नवशिक्यांसाठी असते. चार वर्षे काम केलेल्या माणसाचा त्यातला निम्म्याहून अधिक वेळ माहीत असलेल्या गोष्टींत जातो. शिवाय चालू नोकरीतला खंड मुलाखतीत समजावून सांगावा लागला असता. हा पर्याय लवकरच मागे पडला.

दुसरा पर्याय डीएसएची घोकंपट्टी चालू ठेवण्याचा होता. तो अगदी टाकाऊ नव्हता, कारण फ्रंटएंडच्या जागेसाठीही बऱ्याच मोठ्या कंपन्या एक फेरी अल्गोरिदमची ठेवतात आणि तीत सपशेल पडणाऱ्याला बाकीच्या फेऱ्या वाचवत नाहीत. प्रश्न प्रमाणाचा होता. अशा फेरीत फ्रंटएंडच्या उमेदवाराला बहुधा झाडे, स्टॅक, मॅप अशा माहितीच्या मांडण्यांवरचे मध्यम प्रश्न येतात, आणि तेवढ्यापुरती तिची तयारी केव्हाच झालेली होती.

तिसरा पर्याय मी सुचवला: कामावर केलेले घटक कोणत्याही तयार लायब्ररीशिवाय, आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये आणि मग रिअ‍ॅक्टमध्ये, घड्याळ लावून पुन्हा लिहायचे. तिचा आक्षेप रास्त होता. “सर, हे तर मी रोजच करते. त्यात नवीन काय?” नवीन असे काही नव्हते, पण रोजच्या कामात तिने डायलॉग (पानावर उघडणारी छोटी चौकट) लायब्ररीतून उचलला होता, टेबलाचे सॉर्टिंग लायब्ररीने केले होते, आणि ते आतून कसे चालते हे सांगण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मोठ्या कंपनीत जे खोदून विचारतात ते नेमके हेच.

आधी मध्यम आकाराच्या दोन-तीन कंपन्यांत मुलाखती देऊन हात मोकळा करून घ्यावा, असा चौथा विचारही झाला. त्यात तथ्य होते. मात्र तिला तिथे जायचेच नव्हते, आणि ज्या नोकरीत रुजू व्हायचे नाही तिच्यासाठी लोकांचा वेळ घेणे तिला पटले नाही. सराव-मुलाखतींवर भागवायचे ठरले.

तयारी

डीएसएला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी उरल्या आणि बाकीचा वेळ घटकांना मिळाला. सर्च बॉक्स, सॉर्ट होणारे टेबल, डायलॉग, टॅब, उलगडणारी झाडासारखी यादी, असे एकेक घटक तिने लिहायला घेतले. डायलॉग लिहिताना टॅबची कळ दाबत गेल्यावर फोकस, म्हणजे कळफलकाचा रोख, डायलॉगच्या मागच्या पानावर निसटतो हे तिला प्रथमच दिसले. तो आतच कसा ठेवायचा आणि डायलॉग बंद झाल्यावर ज्या बटणावरून तो उघडला तिथे परत कसा न्यायचा, यात तिची एक अख्खी संध्याकाळ गेली.

बायोडेटा बदलणे हा तयारीचाच भाग होता. जुन्या बायोडेटात रिअ‍ॅक्ट, रिडक्स, टाइपस्क्रिप्ट अशी बारा-पंधरा नावांची ओळ होती आणि खाली ‘बिलिंग सॉफ्टवेअरच्या विकासात सहभाग’ असे एक वाक्य होते, ज्यावरून कोणालाच काही कळले नसते. नव्या बायोडेटात पहिलीच ओळ अशी आली: मराठीत टाइप होणाऱ्या नावांचा शोध, हंगामातील गर्दीत दुकानांतील जुन्या संगणकांवर आणि मोबाइलवर चालणारा. या एका ओळीवर पुढे दोन फेऱ्यांत बोलणे झाले.

भाषेचा मुद्दा इथेच नोंदवतो, कारण आपल्याकडची बरीच मुले तो झाकून ठेवतात. मुलाखत इंग्रजीत असते आणि कोड लिहिताना मनातला विचार बोलून दाखवणे अपेक्षित असते. ही मुलगी इंग्रजीत बोलायला लागली की वाक्य सजवण्यात गुंतायची आणि विचार मागे पडायचा. तोच प्रश्न मराठीत सोडवायला सांगितला की “आधी हे बघते, मग ते” अशी स्वच्छ साखळी लागायची. म्हणून प्रत्येक घटक आधी मराठीत बोलत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच इंग्रजीत, पण तितक्याच आखूड वाक्यांत, असे ठेवले. तिचे इंग्रजी दोन महिन्यांत सुधारले असे मी म्हणणार नाही. वाक्ये आखूड झाली, आणि तेवढे पुरले.

मुलाखतीच्या फेऱ्या

सर्व फेऱ्या व्हिडिओवर होत्या. उन्हाळ्यात दुपारी वीज जाण्याचा धोका होता. तिने राउटर इन्व्हर्टरवर घेतला, मोबाइलचे इंटरनेट हाताशी ठेवले आणि एचआरच्या माणसाला आदल्या दिवशी ईमेल करून कल्पना देऊन ठेवली.

जावास्क्रिप्टच्या फेरीत अनेक प्रॉमिसांचे (पुढे मिळणाऱ्या निकालांच्या वचनांचे) निकाल एकत्र देणारे प्रॉमिस-ऑल हे फंक्शन स्वतः लिहून दाखवायचे होते. यात हमखास होणारी चूक म्हणजे जसजसे निकाल येतील तसतसे ते यादीत ढकलत जाणे; प्रत्यक्षात निकालांचा क्रम मूळ यादीप्रमाणे राहिला पाहिजे, मग कोणता निकाल आधी आलेला का असेना. तिने निकाल क्रमांकानुसार ठेवले, आलेल्यांची मोजणी वेगळी केली, आणि यादी रिकामीच असेल तर प्रॉमिस कायमचे लटकेल हेही आपणहून पाहिले. इव्हेंट लूपवरचे, म्हणजे जावास्क्रिप्ट कामे कोणत्या क्रमाने उरकते यावरचे, प्रश्नही पार पडले.

मशीन कोडिंगची फेरी मात्र तपशिलात पाहण्यासारखी आहे. काम होते शहरांची नावे सुचवणाऱ्या सर्च बॉक्सचे. एक नकली एपीआय (सर्व्हरकडे माहिती मागण्याचा मार्ग) दिलेला होता, जो कधी लगेच तर कधी दीड-दोन सेकंदांनी उत्तर द्यायचा. रिअ‍ॅक्ट चालेल, तयार घटक चालणार नाहीत, अशी अट होती. योगायोगाने घटक तिच्या ओळखीचा निघाला. परंतु ओळखीचा घटक आला की उमेदवार प्रश्न न विचारताच लिहीत सुटतो, हा धोका तिथेही होताच. तिने पहिली आठ-दहा मिनिटे विचारण्यात घातली. किती सूचना दाखवायच्या, बॉक्स रिकामा असताना काय दिसावे, एपीआय फसला तर काय, कळफलकाने निवड हवी का, ही उत्तरे तिने फाइलीच्या माथ्यावर टिप्पणीत लिहून ठेवली.

अर्ध्या तासात साधा बॉक्स चालू झाला. चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास, भराभर टाइप करून पाहताना, एक विपरीत घडले: पहिल्या दोन अक्षरांसाठी गेलेली विनंती उशिरा परतली आणि पाच अक्षरांच्या शोधाखाली दोन अक्षरांची यादी उमटली. इथे पहिला खरा निर्णय होता. उरलेल्या वेळात दिसणे सुधारायचे, कळफलक जोडायचा की हा दोष काढायचा? आदल्या वर्षी तिने आधी रंग आणि अंतरे निवडली होती. या वेळी तिने मुलाखतकारांना सांगितले, की पडद्यावर चुकीची यादी दिसणे मला चालणार नाही, म्हणून हे आधी; त्यानंतर कळफलक; आणि दिसण्याकडे मी आज बघणारच नाही.

मुलाखतकारांनी विचारले, की डिबाउन्स लावले आहेच, मग हा प्रश्न सुटायला नको का? तो सापळा होता. डिबाउन्स विनंत्यांची संख्या कमी करतो, त्यांच्या उत्तरांचा क्रम सांभाळत नाही. टाइप करणाऱ्याने मध्ये अर्धा सेकंद विसावा घेतला तर दोन विनंत्या जातातच, आणि त्यांतली पहिली नंतर परतू शकते. तिने दोन उपाय सांगितले: अबॉर्ट-कंट्रोलरने जुनी विनंती रद्द करणे, किंवा प्रत्येक विनंतीला क्रमांक देऊन शेवटच्या क्रमांकाखेरीज बाकी उत्तरे दुर्लक्षिणे. नकली एपीआय रद्द करण्याचा सिग्नल घेतच नव्हता, म्हणून दुसरा उपाय लिहिला. आणि पहिला वापरला असता तर रद्द झालेल्या विनंतीची चूक वापरणाऱ्याला ‘काहीतरी बिघडले’ म्हणून दाखवायची नाही, हेही जोडले.

मग कळफलक. वर-खाली बाणांनी सूचना निवडताना फोकस बॉक्समध्येच ठेवायचा आणि कोणती सूचना सध्या निवडीखाली आहे हे एरिया-अ‍ॅक्टिव्ह-डिसेंडंट या गुणधर्माने सांगायचे, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ते ऐकू येते. एस्केपने यादी मिटली. माऊसने सूचनेवर क्लिक केल्यावर काहीच होत नव्हते, कारण माऊसचे बटण दाबताक्षणी बॉक्सचा फोकस जातो, यादी मिटते आणि क्लिक पडायला जागाच उरत नाही. हा दोष तिने अडत दुकानात पूर्वी पाहिलेला होता. माऊसडाउनवरच ब्राउझरची मूळ कृती रोखून तिने तो दोन ओळींत काढला.

वेळ संपताना नेहमीचा प्रश्न आला: आणखी वेळ असता तर काय केले असते? बहुतेक जण इथे कॅशे आणि टेस्ट अशी दोन नावे घेतात. तिने मराठी टायपिंगचा मुद्दा काढला. ध्वनीनुसार मराठी टाइप करणाऱ्या कळफलकांत शब्द पक्का करण्यासाठीही एन्टर दाबावा लागू शकतो, आणि आपण त्या एन्टरला ‘सूचना निवडली’ असे समजलो तर भलतेच नाव निवडले जाते. म्हणून की-इव्हेंटचा इझ-कंपोझिंग हा गुणधर्म तपासावा लागतो. दुसरे उदाहरण कुऱ्हाडे या आडनावाचे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर येते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झीरो-विड्थ-जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण जावास्क्रिप्टमध्ये एकाची लांबी ८ भरते आणि दुसऱ्याची ९, त्यामुळे शोधात एक सापडला तरी दुसरा सापडत नाही. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन, म्हणजे अक्षरांची रूपे एकसारखी करण्याची रीतही, हा फरक मिटवत नाही. तिने तो नोंद साठवतानाच आणि शोधतानाच, दोन्हीकडे एकच रूप करून मिटवला होता. मुलाखतकार वेळ उलटून गेली तरी यावर बोलत राहिले.

अल्गोरिदमच्या फेरीत अगदी सारख्या आकाराची दोन डॉम-झाडे (डॉम म्हणजे ब्राउझरने पानाच्या घटकांची केलेली झाडासारखी मांडणी) दिली होती आणि पहिल्यातल्या एका नोडशी जुळणारा दुसऱ्यातला नोड शोधायचा होता. तो तिने शोधला. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सिस्टिम डिझाइनची फेरी कच्ची गेली. फोटो आणि मजकूर असलेल्या फीडची रचना करायची होती. मशीन कोडिंगमध्ये दहा मिनिटे विचारण्यात घालणाऱ्या याच मुलीने इथे एकही प्रश्न न विचारता घटकांच्या चौकटी काढायला सुरुवात केली. पंधरा-वीस मिनिटांनी मुलाखतकारांनीच विचारले, की हे वापरणारे लोक कोणत्या फोनवर आहेत, वाचताना वर नव्या पोस्टी येत राहतात का? नव्या पोस्टी येत असतील तर तिने मांडलेले पान-क्रमांकाचे गणित कोसळते: वर पाच नव्या पोस्टी आल्या की पहिल्या पानावरच्या शेवटच्या पाच पोस्टी दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतात. शेवटच्या पाहिलेल्या पोस्टीपासून पुढचे मागणारा कर्सर हवा, हे तिला इशारा मिळाल्यावर सुचले.

व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे पडद्यावर दिसतील तेवढ्याच पोस्टी डॉममध्ये ठेवणे, तिला येत होते. त्याचा तोटा विचारल्यावर, ब्राउझरच्या ‘पानात शोधा’ला डॉमबाहेरचे काही सापडत नाही, एवढे सांगता आले. वेगाच्या मापांत एलसीपी (मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंद आणि सीएलएस (मांडणी हलण्याचे माप) ०.१ बरोबर आले, पण प्रतिसादाचे माप म्हणून तिने एफआयडी सांगितले, ज्याची जागा मार्च २०२४ मध्ये आयएनपीने घेतली आहे आणि ज्याची चांगली मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. हे जुन्या नोट्सचे फळ होते. एवढ्यावरून कोणी नापास होत नाही. आधीच्या वीस मिनिटांनी जे व्हायचे ते केलेले होते.

व्यवस्थापकांबरोबरच्या फेरीत मतभेदाचा प्रसंग विचारला गेला. तिने एन्टरच्या कळीची हकीकत सांगितली. दिवाणजींचा आग्रह होता, की एन्टर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जायला हवे, जसे त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जायचे; तिचे म्हणणे होते, की वेबवर ते काम टॅबचे आहे. हंगामात ती एका दुकानात जाऊन बसली. दिवाणजींचा डावा हात सौद्याच्या कागदावर आणि उजवा आकड्यांच्या कळांवर होता. तिथून एन्टर अंगठ्याएवढ्या अंतरावर आणि टॅब कळफलकाच्या दुसऱ्या टोकाला. तिने आपला हट्ट सोडला, फक्त सर्च बॉक्सची यादी उघडी असताना एन्टरचा अर्थ ‘निवड’ असाच ठेवला. “सुधारणा झाली हे मोजलं कसं?” या प्रश्नावर तिने मोजले नव्हते असेच सांगितले, तक्रारीचे फोन थांबले, एवढाच पुरावा होता.

निकाल आणि नंतरचा निर्णय

काही आठवड्यांनी होकार आला, पण पदाच्या ज्या पातळीसाठी अर्ज होता तिच्याहून एक पातळी खालचा. एचआरच्या माणसाने फोनवर एवढेच सांगितले, की कोडिंगच्या फेऱ्यांवरचे शेरे उत्तम आहेत आणि डिझाइनच्या फेरीने वरची पातळी रोखली.

नकार द्यावा आणि वर्षभराने पुन्हा यावे, असे तिच्या भावाचे मत होते. खालच्या पातळीवर शिरलेल्याला वर यायला आतून वेळ लागतो, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. दुसरीकडे, वर्षभराने जागा निघेलच आणि तेच निकष असतील, याची हमी कोणी देत नाही. डिझाइनची आणखी एक फेरी घेता येईल का, हे विचारून पाहावे असे मी सुचवले, कारण काही कंपन्या पातळीचा निर्णय काठावर असेल तर तशी फेरी घेतात. तिने विचारले, उत्तर नकारार्थी आले. मात्र त्याच बोलण्यात रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल असे कळले, आणि तिच्या दृष्टीने ते महत्त्वाचे होते: नोटिशीचे साठ दिवस हळदीच्या हंगामात संपत होते, आणि ऐन गर्दीत सॉफ्टवेअर वाऱ्यावर सोडून जाणे तिला नको होते. तिने खालची पातळी स्वीकारली, तारीख हंगामानंतरची घेतली आणि मधल्या काळात सर्च बॉक्सचे सगळे अपवाद, कुऱ्हाडेंसह, मागे राहणाऱ्या सहकाऱ्यासाठी लिहून ठेवले. आता ती आठवड्यातले तीन दिवस पुण्यातल्या कार्यालयात असते आणि उरलेले काम बहुतेक वेळा सांगलीतून करते.

काय वेगळे करता आले असते

आदल्या वर्षीच्या नकारानंतरचे महिने वाचवता आले असते. कंपनीने कारण दिले नाही तरी कोणत्या फेरीनंतर नकार आला हे उमेदवाराला ठाऊकच असते, आणि त्या फेरीत आपण कोणत्या मिनिटाला काय करत होतो हे त्याच रात्री लिहून काढले असते, तर अर्धा तास रंगांत गेला ही गोष्ट कागदावर आली असती. महिन्यांनंतर आठवणीतून ते काढणे अवघड गेले.

डिझाइनच्या फेरीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. उमेदवार म्हणते, की तिने त्या विषयाचे वाचन कमी केले. मला वाटते, वाचन पुरेसे होते. तिच्या नोकरीत गरजा काउंटरच्या पलीकडून आपोआप येत, वापरणारा माणूस आणि त्याचा संगणक दोन्ही तिच्या डोळ्यांसमोर असत, त्यामुळे ‘हे कोणासाठी आहे’ असे विचारण्याची तिला कधी गरजच पडली नव्हती. मशीन कोडिंगमध्ये तो प्रश्न तिने सरावाने विचारला. डिझाइनच्या सराव-मुलाखतींत आम्ही नेहमी ठरलेल्या गरजा लिहिलेला कागद घेऊन बसत असू. तो कोरा ठेवून, गरजा तिनेच काढून घ्यायच्या, असा सराव असता तर ती वीस मिनिटे कदाचित वाचली असती. अडत दुकानाचा पडदाच नव्याने रचायला सांगणे हाही एक मार्ग होता, कारण तिथल्या प्रश्नांची उत्तरे तिच्याकडे आहेत आणि प्रश्न कोणते हे त्यावरून उलट शोधता आले असते.

पातळीचा विषय तर पहिल्याच फोनवर निघायला हवा होता. कोणत्या पातळीसाठी विचार होत आहे, ती पातळी ठरवताना कोणत्या फेरीला अधिक वजन आहे आणि निर्णय काठावर राहिला तर पुढे काय होते, हे विचारण्यात गैर काही नाही आणि एचआरची माणसे बहुधा ते सांगतातही. तिला हे आधी कळले असते, तर डीएसएच्या दोन संध्याकाळींपैकी एक तिने डिझाइनला दिली असती.